आधी झाडू, मग कीर्तन : गाडगेबाबांकडे संशोधनाच्या नजरेनं बघताना

माझं घर देवळाली कॅम्पला. लहानपणी नाशिकला जायचं म्हणजे बसनं नाशिकरोडवरून शालिमारला उतरायचं आणि तिथून चालत गोदाघाटावर. घाटाजवळ गाडगे महाराज पूल आहे, आणि त्यांच्याच नावाची धर्मशाळाही. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की पाणी कुठपर्यंत चढलं हे सांगताना या पुलाचं नाव हमखास निघतं. माझा आणि गाडगेबाबांचा संबंध इतकाच. शाळेच्या पुस्तकातलं चित्र आठवत होतं : हातात झाडू, अंगावर चिंध्या, जवळ फुटकं गाडगं. पुढे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केली. तिथे चिपको शिकले, सायलेंट व्हॅली शिकले, जॉन स्नोचा लंडनमधला पाण्याचा पंप शिकले. गाडगेबाबा कुठेच आले नाहीत, आणि ते आले नाहीत हे मला खटकलंही नाही.

आता पीएच.डी.साठी मी गोदाकाठच्या तीर्थक्षेत्रांतल्या सार्वजनिक स्वच्छतेचा इतिहास अभ्यासते आहे. पहिल्या आराखड्यात मी गाडगेबाबांना एक वाक्य दिलं होतं : त्यांनी कीर्तनाद्वारे स्वच्छतेचा प्रचार केला. आमच्या सरांनी त्या वाक्यातल्या 'द्वारे' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "म्हणजे नक्की कसं? आधी कीर्तन आणि मग झाडू, की आधी झाडू आणि मग कीर्तन?" मला उत्तर देता आलं नाही. वाक्य मी कुठूनतरी उचललं होतं आणि ते इतकं ओळखीचं होतं, की त्यात काही तपासण्यासारखं आहे असं वाटलंच नव्हतं.

आजचा लेख त्या गोलाबद्दल आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांना यातून एक गोष्ट मिळेल असं वाटतं : विषय शोधायला लांब जावं लागतंच असं नाही, कधी कधी तो आपल्याच वाक्यातल्या एका शब्दात अडकलेला असतो.

आधी कॅम्पातली स्वच्छता

गाडगेबाबांकडे जाण्याआधी थोडं माझ्या गावाबद्दल, कारण तुलनेला ते फार उपयोगी पडलं.

देवळाली कॅम्प हे ब्रिटिश सैन्यानं वसवलेलं गाव. इंग्लंडहून बोटीनं मुंबईला उतरलेल्या पलटणी इथे काही दिवस थांबून पुढे जायच्या, आणि परतणारे सैनिक इथेच बोटीची वाट बघत बसायचे. त्या कंटाळवाण्या मुक्कामावरूनच डोकं फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द रूढ झाला. आमच्या गावाची जगाला झालेली देणगी ही अशी!

१८५७ नंतर इंग्रजांना एक मोठी काळजी होती. लढाईपेक्षा रोगानं जास्त सैनिक मरत होते. भारतातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगानं १८६३ मध्ये अहवाल दिला. त्यात गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला दर हजारी ६९ असा दिला होता. या कामामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा मोठा वाटा होता. त्यानंतर छावण्यांची रचना, बराकींतली हवा, पिण्याचं पाणी, मैला वाहून नेणं, आजूबाजूचे बाजार या सगळ्याला नियम लागले. १८६४ मध्ये छावण्यांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. आजही कँटोन्मेंटचे रस्ते शहरापेक्षा वेगळे दिसतात त्याची मुळं तिथे आहेत.

पण ही स्वच्छता उभी कशावर होती? हुकुमावर, दंडावर, आणि सफाई हे ज्यांचं जातीचं काम ठरवलं गेलं होतं त्या माणसांच्या कष्टावर. छावणी स्वच्छ ठेवणारी माणसं स्वतः मात्र अस्पृश्य मानली जायची आणि वेगळ्या वस्तीत राहायची. जागा स्वच्छ होत होती, पण झाडू कुणाच्या हातात हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

हे एक प्रारूप डोक्यात ठेवा. आता दुसरं बघू.

शेंडगाव ते ऋणमोचन

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात. (काही पुस्तकांत शेणगाव असं छापलंय. दोन्ही नावांनी शोध घ्या, नाहीतर अर्धी साधनं हातची जातील.) जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले, आणि आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर भागातल्या दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजी तिथे गुरं राखत, शेती करत वाढला. शाळा नाही. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली.

मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूचं जेवण द्यायचं होतं. त्यानं ते नाकारलं आणि गोडाचं जेवण घातलं. त्याच्या चरित्रकारांनी ही घटना पहिलं बंड म्हणून सांगितली आहे. मला ती आर्थिक कागदासारखी वाचावीशी वाटते. दारू, जेवणावळ, त्यासाठी कर्ज, मग सावकार, मग जमीन. ही साखळी त्यानं घरात दोनदा पाहिली होती. पुढची पन्नास वर्षं त्याच्या कीर्तनात हीच साखळी पुन्हा पुन्हा येत राहिली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यानं घर सोडलं. त्यानंतरचं सार्वजनिक काम सुरू होतं ते पूर्णा नदीच्या काठावरच्या ऋणमोचनला. तिथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. काठ निसरडा, चिखल, बायाबापड्या घसरून पडायच्या. हा चिंध्या पांघरलेला माणूस तिथे माती टाकत, वाट झाडत, पायऱ्या करत राहिला. पुढे लोकांच्या मदतीनं तिथे घाट झाला. म्हणजे कामाची जागा होती नदीचा काठ, आणि पहिलं हत्यार होतं फावडं. कीर्तन अजून चित्रात ठळक नाही. सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळायला हवं होतं, पण मी तेव्हा फक्त तारखा टिपत होते.

एका गावातला एक दिवस

वेगवेगळ्या लेखकांनी केलेली वर्णनं समोर ठेवली आणि त्यातल्या चमत्काराच्या, भक्तिभावाच्या गोष्टी बाजूला काढल्या, की एक ठरलेला क्रम उरतो. प्रबोधनकार ठाकरे यांचं चरित्र १९५२ चं, म्हणजे बाबा हयात असतानाचं. गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिले होते, त्यांनीही लिहिलंय. या दोघांचा पिंड वेगळा, भाषा वेगळी. तरी क्रम जुळतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

क्रम असा. बाबा गावात येतात. ओळख सांगत नाहीत. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, अंगावर ठिगळं. त्यामुळे ओळखीची गरजही कुणाला वाटत नाही, वेडा भिकारी समजून लोक दुर्लक्ष करतात. बाबा झाडायला लागतात. जिथे घाण जास्त तिथून सुरुवात. गटार, उकिरड्याची कड, देवळासमोरचं पटांगण. मग पोरं जमतात. मग एखादा घमेलं आणून देतो. मग कुणीतरी ओळखतं. तोवर गावातली चार माणसं स्वतः झाडत असतात. दुपारी घरोघरी मागून आणलेली भाकरी, ती खापरात घेऊन खायची. संध्याकाळी, ज्या जागेवर सकाळी घाण होती त्याच जागेवर कीर्तन.

हा क्रम लक्षात घेतला की 'कीर्तनाद्वारे स्वच्छतेचा प्रचार' हे वाक्य चुकीचं ठरतं. प्रचार म्हणजे आधी सांगणं आणि मग लोकांनी करावं अशी अपेक्षा ठेवणं. इथे काम आधीच झालेलं असतं. संध्याकाळी समोर बसलेल्या माणसांनी सकाळी आपल्या हातांनी ती जागा साफ केलेली असते. स्वच्छ राहा असं त्यांना सांगायची गरजच उरत नाही. मग कीर्तन कशासाठी?

कीर्तन कशासाठी

कीर्तनाचे आपल्याकडे ठरलेले प्रकार आहेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग, वारकरी कीर्तनात अभंगाचं निरूपण, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशकारणासाठी घडलेलं राष्ट्रीय कीर्तन. सत्यशोधकांनी तमाशाचा बाज घेऊन जलसे उभे केले. विदर्भातच तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन गात होते, आणि त्यांनी १९५५ मध्ये 'ग्रामगीता' लिहिली. गाडगेबाबांनी यातल्या वारकरी कीर्तनाचा सांगाडा घेतला, नामाचा गजर घेतला, आणि निरूपणाच्या जागी प्रश्न ठेवले.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला, पोलिसांसमोर त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. शेवटचं कीर्तन म्हणून ते ओळखलं जातं. त्यानंतर दीड महिन्यात, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावला त्यांचं निधन झालं. हे ध्वनिमुद्रण जरूर ऐका, पण एकदा पाठ्यपुस्तकातला संत विसरून ऐका. मी तिसऱ्यांदा ऐकताना वही घेतली आणि मजकूर लिहायचा सोडून फक्त कोण बोलतंय एवढंच टिपत गेले : बाबा, लोक, बाबा, लोक. वऱ्हाडी बोलीतला छोटा प्रश्न, समोरून एका आवाजात उत्तर, लगेच पुढचा प्रश्न. देवाला आंघोळ कोण घालतं, दिवा कोण लावतं, नैवेद्य कोण राखतं, असं एकेक विचारत ते श्रोत्यांकडूनच कबूल करून घेतात की दगडाच्या देवाला माणसाची गरज आहे. मग दारू, कर्ज, नवसाचं बकरं, मुलांची शाळा. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण देऊन शिक्षणानं माणूस कुठे पोचतो ते सांगतात. मधेच लोक खळखळून हसतात. अवघड जागा आली की नामाचा गजर, म्हणजे श्वास घ्यायला जागा.

माझं म्हणणं असं. सकाळी झाडूनं जे घडलं, त्याचा अर्थ संध्याकाळी कीर्तनात सगळ्यांसमोर ठरायचा. सकाळी पाटलाचा पोरगा आणि गावकुसाबाहेरचा माणूस एका उकिरड्यावर राबले, ही तशी अपघातानं घडलेली गोष्ट. ती रात्री विरूनही गेली असती. कीर्तनात हजारभर माणसं मोठ्यानं, एका आवाजात म्हणतात की सगळ्या माणसांची जात एकच. तेव्हा सकाळचा अपघात गावासमोर केलेला करार बनतो. आणि म्हणून उत्तर लोकांच्या तोंडून येणं महत्त्वाचं. वक्त्यानं सांगितलेलं विसरता येतं. आपण चारचौघांत मोठ्यानं म्हटलेलं नाकारणं जड जातं.

कीर्तन ही इथे सजावट नाही. ते काढून टाकलं तर उरतो फक्त एक झाडणारा साधू. आणि झाडू काढून टाकला तर उरतो फक्त एक चांगला कीर्तनकार. महाराष्ट्रात दोन्हींची कधीच कमतरता नव्हती.

पैसा कुठे गेला

विज्ञान शाखेतून आलेल्यांना एक सवय असते : आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते बघायचं. गाडगेबाबांच्या बाबतीत 'बाहेर काय आलं' हे अजून जागेवर उभं आहे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथल्या धर्मशाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. घाट, सदावर्तं, शाळा, वसतिगृहं. कीर्तनानंतर येणारा पैसा ते स्वतःकडे ठेवत नसत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला त्यांचा मोठा आधार होता, आणि कऱ्हाडला १९५४ मध्ये रयतनं काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचंच नाव आहे. संस्थांचा कारभार त्यांनी १९५२ मध्ये विश्वस्तांच्या ताब्यात दिला. स्वतः मात्र भाकरी मागूनच खात राहिले.

या यादीतली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वारीला येणाऱ्या दलितांना पंढरपुरात उतरायला जागा नव्हती. विठ्ठलाचं देऊळ त्यांच्यासाठी उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. धर्मशाळा त्याच्या कितीतरी आधीची. राहायला जागा नाही म्हणजे नदीच्या वाळवंटात, पावसात, घाणीत मुक्काम. पंढरपूरच्या यात्रेत कॉलराच्या साथी वारंवार यायच्या. कॉलरा पाण्यातून पसरतो, आणि उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांना तो आधी गाठतो, हे आज आपण सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकतो. छप्पर, विहीर, संडास यांचा प्रश्न हा जातीचाही प्रश्न होता, आणि चोखामेळा धर्मशाळा ही दोन्हींवर एकदम दिलेली उपाययोजना होती. १९४९ मध्ये बाबांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

नाशिकची धर्मशाळाही याच नजरेनं बघायला हवी. गोदावरीच्या पलीकडे पंचवटीत काळाराम मंदिर आहे. तिथे २ मार्च १९३० रोजी प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. एका काठावर देवळाचं दार उघडावं म्हणून लढा, आणि दुसऱ्या काठावर गरीब यात्रेकरूला पाठ टेकायला जागा. दोन्ही मार्ग वेगळे आहेत, आणि त्यांना एकाच मापानं मोजू नये. पण एकाच नदीवरचे आहेत हे विसरूनही चालणार नाही.

याला 'कला' म्हणायचं का, 'पर्यावरण' म्हणायचं का?

हा प्रश्न मला एका सादरीकरणात विचारला गेला आणि तो रास्त आहे.

न्यूयॉर्कमध्ये मियर्ल लेडरमन युकेलीस नावाची एक कलावंत आहे. १९६९ मध्ये तिनं एक जाहीरनामा लिहिला. सारांश असा की झाडणं, पुसणं, धुणं, सांभाळणं हीच माझी कला. १९७७ पासून ती न्यूयॉर्कच्या सफाई खात्याची निवासी कलावंत आहे. १९७९-८० मध्ये तिनं शहरातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांना भेटून प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. तिच्या या कामाला कलेच्या इतिहासात आता पक्की जागा आहे. जर्मन कलावंत योसेफ बॉइस यानं १९७२ च्या मे दिनाला पश्चिम बर्लिनमधला एक चौक झाडला. तो कचरा आजही काचेच्या पेटीत जपून ठेवलाय.

हे वाचल्यावर मला मोह झाला : गाडगेबाबांना जगातले पहिले 'परफॉर्मन्स आर्टिस्ट' म्हणून टाकावं! एका मसुद्यात तसं लिहिलंही. मग खोडलं. बॉइसनं झाडलेला कचरा संग्रहालयात गेला. गाडगेबाबांनी झाडलेला उकिरड्यावर गेला आणि तिथे संध्याकाळी माणसं बसली. बाहेरची संकल्पना आपल्या माणसावर बिल्ल्यासारखी लावली की तो मोठा झाल्यासारखा वाटतो, पण दिसेनासा होतो. तुलना करायची ती फरक दिसावा म्हणून. युकेलीस सफाई कामगाराचा हात हातात घेते, कारण तिच्या शहरात त्या हाताकडे कुणी बघत नव्हतं. गाडगेबाबा त्या हातातला झाडू स्वतः घेतात, कारण त्यांच्या समाजात प्रश्न फक्त न बघण्याचा नव्हता, विटाळाचा होता.

पर्यावरणाचंही तसंच. आपण पर्यावरण म्हटलं की जंगल, वाघ, हवामान आठवतो. नदीचा घाट, गावाचं गटार, धर्मशाळेचा संडास आठवत नाही. माझ्या एम.एस्सी.च्या वर्गात गाडगेबाबा का आले नाहीत, याचं उत्तर मला इथे मिळालं. आम्ही ज्याला पर्यावरण म्हणत होतो त्यात माणसाची वस्ती नंतर येत होती.

मोजण्याबद्दल एक खबरदारी. विज्ञानवाल्यांना इथे लगेच विचारावंसं वाटतं, की त्यांच्या झाडण्यानं रोग किती कमी झाले? असा आकडा काढायच्या फंदात पडू नका. साथीचे आकडे लस, नळाचं पाणी, यात्रेचे नियम, पाऊस या सगळ्यांनी हलतात. त्यातून एका माणसाचा झाडू वेगळा काढता येत नाही. आणि मुळात कॉलरा नुसत्या झाडण्यानं थांबत नाही. जे मोजता येतं ते वेगळं आहे : किती वास्तू उभ्या राहिल्या, कुणासाठी, कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या देणगीतून, आणि आज त्या कोण वापरतं.

नावाचं पुढे काय झालं

१९७७ मध्ये राजदत्त यांचा 'देवकीनंदन गोपाळा' आला. डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांची भूमिका केली, आणि पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर बाबा म्हणजे लागूच उभे राहायला लागले. अमरावती विद्यापीठाला बाबांचं नाव मिळालं. २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत स्पर्धा, गुण, बक्षिसं. या अभियानात कित्येक गावांनी श्रमदान केलं, संडास बांधले, गटारं काढली. हे खरं काम आहे आणि ते नाकारायचं कारण नाही.

पण दुसरी बाजूही नोंदवायला हवी. बाबांचा म्हणून जो दहा कलमी संदेश सगळीकडे फलकांवर दिसतो, तो एकदा नीट वाचा. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला रोजगार, मुक्या प्राण्यांना अभय, गरीब तरुण-तरुणींचं लग्न, निराश माणसाला हिंमत. यात 'स्वच्छता' हा शब्दच नाही! मी दोनदा मोजलं. ज्या माणसाला आपण फक्त झाडू दिला, त्याच्या नावावरच्या यादीत झाडू नाही.

मला यात विसंगती वाटत नाही. झाडू हे त्यांचं साधन होतं, साध्य या दहा ओळी होत्या. आपण साधन उचललं, त्याचं चिन्ह केलं, चष्म्याआड आणि फलकावर लावलं, आणि साध्य फलकाच्या खालच्या बारीक अक्षरात ठेवलं. स्वच्छता स्पर्धेत गुण मिळतात ते रस्त्याला. रस्ता कुणी झाडला, त्याची जात काय, त्याच्या मुलांची शाळा कुठवर, याला गुण नसतात. हातानं मैला साफ करायला लावणं बंद करण्यासाठी आपल्याला १९९३ मध्ये कायदा करावा लागला, आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये पुन्हा एक. गाडगेबाबांचा झाडू घराघरात पोचला असता तर या दोन कायद्यांची गरज पडली नसती.

आणि इथे मला माझं कॅम्प पुन्हा आठवतं. हुकुमानं, नेमलेल्या माणसांकडून होणारी स्वच्छता हे छावणीचं प्रारूप होतं. ज्यांची घाण त्यांच्याच हातानं, आणि त्यानंतर एकत्र बसून बोलणं, हे गाडगेबाबांचं. आपण नाव दुसऱ्याचं घेतलं आणि पद्धत बरीचशी पहिल्याची ठेवली. २०२७ ला नाशिकला पुन्हा सिंहस्थ आहे. गोदाघाट झाडला जाईल, धुतला जाईल. झाडू कुणाच्या हातात असेल, हा प्रश्न मी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवलाय.

तयारी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिली. न लिहिणाऱ्या माणसाचा इतिहास लिहिता येतो. बाबा शाळेत गेले नाहीत, पण ध्वनिमुद्रण आहे, दुसऱ्याकडून लिहून घेतलेली पत्रं आहेत, विश्वस्तांचे कागद आहेत आणि दगडविटांच्या इमारती आहेत. इमारत हेही साधन आहे, तिला वाचायला शिका.

दुसरी. भक्तानं लिहिलेलं चरित्र टाकून देऊ नका आणि जसंच्या तसं घेऊही नका. वेगळ्या पिंडाच्या दोन लेखकांत जे जुळतं ते आधी उचला.

तिसरी. विज्ञानातून इतिहासात येताना आपली मोजायची सवय घेऊन या, पण काय मोजता येत नाही हे सांगायची हिंमतही बरोबर ठेवा.

चौथी. आपल्या आराखड्यात 'द्वारे', 'माध्यमातून', 'योगदान', 'प्रचार-प्रसार' हे शब्द जिथे जिथे आहेत तिथे पेन्सिलीनं गोल करा आणि स्वतःला विचारा, नक्की कसं? आधी काय झालं, मग काय झालं? माझ्या एका वाक्याचं आता एक प्रकरण झालंय. दोन महिन्यांपूर्वी ते सरांना दिलं. परत आलं तेव्हा त्यात तीन नवे गोल होते. सध्या पहिल्यावर काम चालू आहे, आणि त्यासाठी उद्या सकाळी धर्मशाळेतल्या जुन्या देणगीदारांच्या पाट्या उतरवून घ्यायला मी पुन्हा घाटावर जाते आहे.